डोकं कोणी धरायचं

मेंदूला सगळे अक्रोड म्हणतात. शाळेच्या पुस्तकातही तसंच छापलेलं असतं. मी गेली तीस वर्षं मेंदू करतोय. एकदा मुद्दाम पाव किलो अक्रोड आणून समोर मांडून बघितले. काडीचंही साम्य नाही. अक्रोडाच्या सुरकुत्या वरवरच्या असतात. मेंदूच्या घड्या आत जातात आणि प्रत्येक घडीची जागा ठरलेली असते. एखादी चुकली की परळच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या शेफाली मॅडम मॉडेल परत पाठवायच्या, सोबत चिठ्ठी असायची: 'लवू, हा कोणाचा मेंदू आहे? माणसाचा पाठव.'

मी लालबागचा मूर्तिकार. शेड वडिलांपासूनची. चैत्रापासून गणपतीचं काम, ते अनंत चतुर्दशीपर्यंत. दिवाळी झाली की हातावर हात धरून बसायचं. अशाच एका रिकाम्या हिवाळ्यात कॉलेजातलं जुनं परदेशी मॉडेल कोणाच्या तरी हातून पडून फुटलं. मॅडमना कोणीतरी सांगितलं की लालबागला एक लवू आहे, तो तुटलेला कान असा जोडतो की बाप्पालाही कळत नाही. मी मेंदू जोडून दिला, पण देण्याआधी गुपचूप रबराचा साचा काढून ठेवला. मॅडमना ते कळलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काढलाच आहेस तर नीट काढ. तेव्हापासून माझे दोन धंदे झाले. गिरगावातला एक दुकानदार माझे मेंदू आणि पाठीचे कणे पार चंद्रपूरपर्यंतच्या शाळांना पाठवतो.

मी चिडका आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सुचित्रा सांगेल. सुचित्रा म्हणजे माझी बायको. मॉडेलवरचे नंबर ती लिहिते. झिरो नंबरचा ब्रश, काळा रंग, श्वास रोखून. आमच्या मॉडेलमध्ये सात नंबर म्हणजे कपाळामागचा भाग, माणूस विचार करून वागतो तो त्याच्या जोरावर. मी कोणाच्या अंगावर ओरडलो की ती मान वर न करता म्हणते, "अहो, तुमचा सात नंबर बसवायचा राहिलाय बहुतेक." शेडमधली सगळी माणसं हसतात. मीही हसायचो.

मेंदूपेक्षा मला कण्याचं काम आवडायचं. तेहतीस मणके, एकावर एक. वरचे सात मानेचे, हलके आणि नाजूक. खाली जाल तसे जाड. त्या सगळ्यांच्या मधल्या भोकातून मज्जारज्जू खाली येतो. मी तो सुती दोरीवर गोंदाचे हात चढवून करतो, आणि मणक्यामणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसा पिवळ्या रंगवतो. रज्जू कंबरेशीच संपतो, पुढे नुसत्या नसांचा झुबका. पहिल्यांदा केला तेव्हा मी तो अंगठ्याएवढा जाड केला होता. मॅडम मला हात धरून डिसेक्शन हॉलमध्ये घेऊन गेल्या आणि खरा दाखवला. करंगळीएवढा. मला राग आला. एवढा मोठा माणूस, त्याचं चालणं, बसणं, हगणं-मुतणं, सगळं या एवढ्याशा दोरीवर?

"म्हणून तर हाडात ठेवलाय," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी पुढे मॉडेल न्यायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत आलो. माणूस वरून पडला तर कधीकधी मणका सरकतो, पण आतला रज्जू शाबूत असतो. अशा माणसाला हात लावायचा नाही. पडलाय तिथेच, तसाच ठेवायचा. डोकं दोन्ही हातांत धरायचं, आणि फळी येईपर्यंत सोडायचं नाही. कारण उचलणाऱ्याच्या हातूनच तो रज्जू तुटतो, आणि एकदा तुटला की जोडला जात नाही.

हे मला पाठ होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सांगताना मला त्याची लाज वाटणार आहे.

माझी आणखी एक ओळख म्हणजे आमचं गोविंदा पथक. पोरगा होतो तेव्हा सर्वांत वरच्या थरावर मी चढायचो, मग वजन वाढलं तसा खाली खाली येत गेलो, आणि शेवटी जमिनीवर उभा राहून शिट्टी वाजवायला लागलो. वीस वर्षं पोरांना मीच तयार केलं. आमच्या पथकात एक नियम होता, आणि तो मी घालून दिलेला. पडला की लगेच उभा करायचा. दोघांनी दंडाला धरायचं, उठवायचं, पाठीवर थाप मारायची, आणि त्याच पावली परत थरावर चढवायचं. पडलेला पोरगा आभाळाकडे बघत राहिला की त्याच्यात भीती शिरते, असं मी सांगायचो. रामदास नावाचा आमचा एक चांगला गडी असाच पडून राहिला होता, लागलं काहीच नव्हतं, पण नंतर त्याने कधी पाय वर ठेवला नाही. त्यावरून मी हा नियम केला. पोरं तो देवाच्या आज्ञेसारखी पाळायची. मीही पाळायचो.

विनीत माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दादा गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. कमलवहिनी पोळीभाजीचे डबे करायच्या, तेव्हा पोरगा शाळा सुटली की आमच्या शेडमध्ये. दुसरी पोरं गोट्या खेळत, हा मणके ओवायचा. सातव्या इयत्तेत डोळे बांधून, नुसतं बोटांनी चाचपून, तेहतीसच्या तेहतीस मणके क्रमाने लावून दाखवायचा. मला वाटायचं हा डॉक्टर होणार. तो झाला कॉम्प्युटरवाला. दादा ज्या गिरणीत राबला तिच्याच आवारात लोअर परळला काचेची इमारत उभी राहिली, तिथे अकराव्या मजल्यावर बसायचा. पण जुलै उजाडला की संध्याकाळी सातला बॅग फेकून पटांगणात हजर. चौथ्या थरात उभा राहायचा. त्याचे खांदे असे की वरच्याला वाटावं, जमिनीवरच उभा आहे.

मागच्या वर्षी गुरुपौर्णिमेला नेहमीप्रमाणे नारळ फोडून सराव सुरू केला. दुसऱ्या रविवारी सकाळी सातवा थर लावत होतो. डावी बाजू बसली. कोणाचा पाय घसरला ते अजूनही कळलेलं नाही आणि कळून उपयोग नाही. सगळे एकमेकांवर आले. बाकीचे पाचसहा जण धडपडत उठले, हसायलाही लागले. विनीत गाद्यांच्या कडेला उताणा पडला होता. डोळे उघडे. "काका," म्हणाला, "मान."

मी त्याच्या पायांशी उभा होतो. त्याच्या डाव्या पायावर, अंगठ्याच्या मागे, माशी बसली. त्याने पाय झटकला. माशी उडाली.

हे मी बघितलं. आणि मग मी म्हणालो, "उठवा."

गौतम आमच्या पथकाचा आताचा कॅप्टन. त्याने उजवा दंड धरला, मी डावा. आम्ही विनीतला उभा केला. क्षणभर तो उभा होता. मग त्याची मान पुढे पडली आणि माझ्या हातातला दंड एकदम जड झाला. माणूस बेशुद्ध होतो तेव्हाही जड होतो, पण तो जडपणा वेगळा. हा शुद्धीत होता. माझ्याकडे बघत होता.

तेव्हा कुठे माझा सात नंबर जागेवर आला. मी ओरडून शेडमधून प्लायवूडची फळी मागवली, ज्यावर आम्ही मूर्ती उभी करतो ती. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या, कपाळावरून ओढणीची पट्टी बांधली, टेम्पोत फळी सरळ ठेवली आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसलो. पुस्तकात लिहिलंय तसं, सगळं.

अपघात विभागातल्या डॉक्टरने विचारलं, "पडल्यावर कोणी हलवलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

गौतमने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"डोकं कोणी धरलं होतं?"

"मी."

"बरोबर केलंत," तो म्हणाला. "लोक ओढून आणतात हो. तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं, मॅडमचं नाव सांगितलं. एवढं खोटं आणि एवढं खरं एका दमात मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

मानेचा पाचवा आणि सहावा मणका. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू घालून मान पक्की केली. श्वास त्याचा त्याला घेता येतो. हात कोपरात वाकतात, मनगट थोडं उचलतं, बोटं नाहीत. छातीखाली काही नाही. चार महिने हॉस्पिटल, तीन महिने दुसरीकडे व्यायाम शिकवायला, आणि मग घरी. चाळीतली वहिनींची एक खोली, त्यातली अर्धी कॉटने खाल्ली.

आणि मी या सगळ्यातून थोर माणूस होऊन बाहेर पडलो. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "भावजी होते म्हणान माझो झील वाचलो. दुसरो कोण असतो तर पोरग्याक ओढून नेल्यान असता." मंडळाच्या सत्यनारायणाला माझा सत्कार केला. शाल घातली, हातात नारळ दिला, माईकवरून सांगितलं की लवूदादांच्या ज्ञानामुळे एका तरुणाचा जीव वाचला. गौतमनेच ती शाल माझ्या खांद्यावर घातली. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. त्याला वाटत होतं पडल्यापडल्याच जे व्हायचं ते झालं होतं, उठवल्याने काय फरक पडणार. त्याने माशी बघितली नव्हती. ती शाल मी कपाटात अगदी खाली, जुन्या चादरींखाली ठेवली. सुचित्राने एकदा काढून बाहेर ठेवली तर मी तिच्यावर असा ओरडलो की तिने सात नंबरही काढला नाही.

कण्याचं काम मी बंद केलं. गिरगावच्या दुकानदाराला सांगितलं, साचा खराब झाला.

अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तीन माणसं लागतात. एक डोकं आणि खांदे धरतो, एक कंबर, एक पाय. ओंडका वळवावा तसं एकाच वेळी वळवायचं, म्हणजे पाठ कुठे पिळत नाही. मान पक्की झाल्यावर एवढी काळजी घ्यायची गरज नाही असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, पण आम्ही हॉस्पिटलातली सवय सोडली नाही. डोकं मी. कंबर वहिनी. पाय सुचित्रा किंवा शेजारचं जे कोणी मोकळं असेल ते. दिवसभराच्या सगळ्या पाळ्यांना मी येतो. बाप्पाच्या सोंडेवर हात असला तरी बारा वाजले की शाडूची माती धुऊन जिना चढतो. दोन्ही तळवे त्याच्या कानांमागे लावायचे, "एक, दोन, तीन" म्हणायचं, आणि वळवायचं. विनीत कधीकधी चेष्टा करायचा, "काका, शिट्टी वाजवा की." माझ्या हातात डोकं दिलं की तो डोळे मिटायचा. दादा दाढी करून घ्यायला न्हाव्यासमोर बसायचा तसा, अगदी विश्वासाने. त्या दोन मिनिटांत मला रोज वाटायचं की सांगून टाकावं. आणि रोज मी उशी सारखी करून जिना उतरायचो.

या वर्षी गुरुपौर्णिमेच्या चार दिवस आधी, दुपारी दोनची पाळी आटपून मी टेकलो होतो, तेवढ्यात गौतम आला. पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला.

"लवूकाका, सरावाचा नारळ तुम्हीच वाढवायचा. पोरं ऐकत नाहीत. मागच्या वर्षी नाही चढलो कोणी, या वर्षी तरी..." तो कॉटकडे वळला. "विनीत, तुझं नाव लिहिणारे आम्ही टी-शर्टवर."

"मेल्यावर लिहितात तसं?" विनीत म्हणाला.

"ए, काय पण बोलतो."

"अरे मस्ती करतोय. लिही, लिही. स्पेलिंग नीट लिही फक्त."

गौतम गेला. वहिनी मोरीपाशी डब्याची भांडी घासत होत्या, सुचित्रा त्यांना विसळून देत होती. विनीत बराच वेळ त्या नारळाकडे बघत होता.

"काका, कण्याचं मॉडेल आणाल?"

"साचा खराब झालाय रे."

"जुनं एखादं असेल. शेडमध्ये माळ्यावर एक होतं, नंबर टाकायचे राहिलेलं. कधीपासून मागतोय मी."

खरंच मागत होता. मी कधी गणपतीचं निमित्त सांगायचो, कधी ऐकूच आलं नाही असं करायचो. त्या दिवशी गेलो. मॉडेल धुळीने माखलं होतं. ओल्या फडक्याने पुसताना माझा अंगठा आपोआप पाचव्या आणि सहाव्याच्या मधे जाऊन थांबला.

मी ते त्याच्या छातीवर आडवं धरलं. त्याने हाताची मागची बाजू कशीबशी उचलून मानेच्या मणक्यांना टेकवली. बोटांनी ओळखायचा तो पोरगा आता हाताच्या पाठीने चाचपत होता.

"इथे?"

"एक खाली. हां. तिथे."

"एवढीशीच आहे दोरी. लहानपणी मोठी वाटायची." त्याने हात तसाच ठेवला. "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

मी मान हलवली.

"त्या काउन्सेलर मॅडम येतात ना, त्यांना मी एक सांगितलं. पडल्यावर मला पाय होते. मला जाणवत होते. माझ्या पायावर माशी बसली, गुदगुल्या झाल्या, मी पाय झटकला. मग तुम्ही उठवलं, आणि मग काही नाही. त्या म्हणाल्या, असं होतं. म्हणे धक्का बसला की मेंदू मधली रिकामी जागा स्वतःच भरतो. जे व्हावंसं वाटतं ते झालं असं दाखवतो. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय की पेशंटला कोणी हलवलं नव्हतं, पडल्यापासूनच पाय गेलेले. मग तुम्ही उठवलंत तेही मनाचंच? मी गौतमला विचारलं, तर तो विषय बदलतो."

मोरीतला नळ चालू होता.

"मी मानायचा प्रयत्न केला," विनीत म्हणाला. "पण ती माशी रोज येते काका. आंघोळ घालतात तेव्हा येते, जेवताना येते. पायांचं मी काही विचारत नाही. पाय गेले. पण हे वरचं," त्याने हनुवटी जराशी उचलली, "हे तरी माझं आहे ना? का यातही काही तुटलंय? मला दिवसभर दुसरं काही नाहीये. हेच आहे. हे जर खोटं दाखवत असेल तर मी कुठे जाऊ?"

खोटं बोलायला मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहिलं, काकांनीही मान हलवली, असं म्हणत तो हळूहळू ती माशी विसरला असता, आणि चार वाजता परत माझ्या तळव्यांत डोकं देऊन त्याने डोळे मिटले असते. मला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, खोटं कशाला सांगू. या जगात माझ्यावर एवढा विश्वास टाकणारं दुसरं डोकं नव्हतं. पण ते डोकं मलाच विचारत होतं की मी बरोबर आहे ना, आणि त्याचं उत्तर असलेला माणूस सगळ्या मुंबईत मी एकटाच होतो.

"माशी होती," मी म्हणालो.

त्याने श्वास घेतला आणि तसाच धरला.

"डाव्या पायावर. अंगठ्याच्या मागे. तू झटकलीस, ती उडाली. मी पायांशीच उभा होतो. मी बघितलं."

"कधी? उठवायच्या आधी?"

"आधी."

"तुम्ही बघितलं, आणि मग उठवलं."

"बघितलं आणि मग उठवलं. मीच म्हणालो उठवा. नियमच होता आपला. तोंडातून आपोआप गेलं. मग डॉक्टरांना मी सांगितलं की कोणी हलवलं नाही." मला आणखी बोलायचं होतं, मला माफ कर वगैरे, पण ते शब्द त्या वेळी फार स्वस्त वाटले. "तुझं डोकं ठीक आहे विनीत. एकदम ठीक आहे. त्यात काहीच तुटलेलं नाही."

नळ बंद झाला. वहिनी ओल्या हातांनी तशाच उभ्या होत्या. त्यांच्यामागे सुचित्रा. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती.

विनीत वर पंख्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही बाजूंनी कानांकडे वाहू लागलं. एरवी मी पुसतो. त्याला पुसता येत नाही. त्या वेळी माझा हात उचललाच गेला नाही. वहिनी पुढे आल्या आणि पदराने त्यांनी ते पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे होते," विनीत म्हणाला. "मिनिटभर तरी होते. आणि मी ते माशी हाकलण्यात घालवले." तो हसला. ते हसू बघवत नव्हतं. मग म्हणाला, "पोरांना सांगा. नारळ फोडायच्या आधी सांगा. हे मॉडेल घेऊन जा आणि सांगा की मी उठवलं होतं."

"सांगतो."

"गौतमला पण. त्याला वाटतंय विषय बदलला की तो सुटला."

"सांगतो."

मी मॉडेल मांडीवर घेऊन बसून राहिलो. वहिनींनी कुकर लावला, तो उतरवला, भात निवायला ठेवला. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, शिव्या देतील. मालवणीत शिव्या देण्यात वहिनींचा हात कोणी धरत नाही. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मला ते शिव्यांहून जास्त लागलं. सुचित्रा येऊन माझ्या शेजारी बसली, पण तिनेही माझ्याकडे बघितलं नाही. तीस वर्षांत तिला मी पहिल्यांदा असा कळलो असेन.

चार वाजले. सवयीने मी उठलो, हात धुतले, पुसले आणि कॉटच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो. तळवे पुढे केले.

"काका," विनीत म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आज डोकं आईला धरू दे."

मी बाजूला झालो. वहिनी माझ्या जागी आल्या. त्यांनी कधी डोकं धरलं नव्हतं, त्यांना हात नेमके कुठे लावायचे ते कळेना. विनीतनेच सांगितलं, "कानांच्या मागे, आई. थोडं खाली. हां, बस." सुचित्राने कंबर धरली.

उरले पाय. मी पायांशी गेलो.

वर्षभरात मी ते कधी हातात घेतले नव्हते. ते बारीक झाले होते, कातडी मऊ पडली होती, टाचांना लावलेलं खोबरेल तेल माझ्या तळव्यांना लागलं. डाव्या पायाच्या अंगठ्यामागे माझा अंगठा आला. मी तो तिथून हलवला नाही.

मोजायला आता कोणी नव्हतं. मग विनीतच म्हणाला, "एक. दोन. तीन."

आम्ही तिघांनी त्याला वळवलं. माझे हात त्या पायांना कळत नव्हते, म्हणूनच त्याने ते मला धरू दिले होते. मी ते शेवटपर्यंत नीट धरले, उशीवर ठेवले, आणि सोडले.